दगडातलं मीठ

शाहूवाडीच्या डोंगरातून आणलेल्या एका दगडाच्या भेगांत मीठ सापडलं होतं. मंगळाचं कवच अशाच दगडाचं. त्यात मीठ मुरून टिकतं, हा माझा दावा खरा ठरत होता. पहिला शोधनिबंध फक्त पाठवायचा राहिला होता. तरी मन थाऱ्यावर नव्हतं. त्याच डोंगरातल्या इतर दगडांत मीठ का नव्हतं? बसवेना, म्हणून स्वयंपाकघरात गेले. सासूबाई कैरीच्या फोडींना मीठ चोळून काहीतरी शोधत होत्या. “काय हवंय, आक्का?” “दगुड. फोडी दडपाय. मागल्या बारीला तुझ्या पिशवीतला घेतलेला की. लई बेस बसला बरणीत. धुऊन ठेवला परत, न्हायतर तू वरडतीस.” हातातला फोन वाजला. “पाठवलास का पेपर?” माझ्या मार्गदर्शक सरांचा आवाज आनंदानं चढला होता. आक्का खारे हात पुसत माझ्याकडे बघत होत्या. “नाही, सर,” मी म्हणाले. “ते मीठ आमच्या लोणच्याचं आहे.”