कुणाचंच नसलेलं नाव

"अवीव," रोह्याचे तेलवाले बेंजामिनकाका म्हणाले आणि तेलाच्या डब्यावर झाकण दाबून बसवलं. "अवीव म्हणजे वसंत. आमच्या हिब्रूत."

गणेशने नाव दोनदा पुटपुटून पाहिलं. "रोह्यात कुणाचं हाय?"

"रोह्यात नाय, तुमच्या पेणलाही नाय. आमची माणसं इस्रायलला गेली, ती नावंही बरोबर घेऊन गेली. आता दिवाळीनंतर मीही निघालो लेकाकडे. पण गणू, पोरगाच होणार हे तुला कुणी सांगितलं?"

"आईनं."

"मग प्रश्नच मिटला. एक ऐक. आमच्या घरात आठव्या दिवसापर्यंत पोराचं नाव कुणापुढे काढत नाहीत. तूही बारशापर्यंत तोंड मिटून बस."

सल्ला उत्तम होता. गणेशला तोंड मिटता येत नव्हतं, एवढीच अडचण.

पेण म्हणजे गणपती घडवणाऱ्यांचं गाव. तिथल्या बापांना मुलासाठी नाव शोधायला लांब जावं लागत नाही. सत्तर साली पहिलीच्या वर्गात गुणाजी गुरुजींपुढे एकदम पाच गणेश बसले. गुरुजींनी हजेरीच्या सोयीसाठी त्यांना नंबर दिले. हा गणेश चार. गणेश दोनने फळ्यावर गुरुजींचं चित्र काढलं, छड्या चारला बसल्या. पुढे गणेश एकचं घर शोधत आलेले कासूचे पाहुणे चारच्या ओटीवर पोहे खाऊन, मुलगी पक्की करून गेले. त्यातून बायको मिळाली, प्रतीक्षा. नावाच्या घोटाळ्याने आयुष्यात केलेला तेवढा एकच उपकार.

शाळा सुटली, रोह्याजवळच्या कंपनीत शिफ्ट लागली, मिशा आल्या. तरी पेणच्या बाजारात हाक यायची ती "ए चार!"

"माझ्या पोराला कुणी नंबरानं हाक मारायची नाय," तो घरी म्हणाला. "त्याच्या नावाला त्यानंच ओ द्यायची. म्हणून अवीव."

"म्हंजे काय रं?" बायजाबाईंनी विचारलं.

"वसंत."

"मग वसंतच ठेव की!"

"आये, आपल्या आळीत तीन वसंत हायत."

बायजाबाईंनी मनात मोजले. तीन नव्हे, चार निघाले.

प्रतीक्षाला नाव आवडलं. पण कासूची मुलगी, कच्चं काही ठेवायची नाही. "अहो, नक्की कुणाचं नाय ना? आधी चौकशी करा. नायतर पुन्हा नंबर."

गणेश दुसऱ्याच दिवशी चौकशीला लागला.

बाळंतपणाच्या दवाखान्यातल्या नर्सबाईंना त्याने पहिल्यांदा गाठलं. सगळ्या पेणची पोरं त्यांच्याच हातावर आलेली.

"नाय हो, वीस वर्षांत असं नाव ऐकलं नाय," त्या म्हणाल्या. "अर्थ काय?"

"वसंत."

"किती गोड! लिहून द्या. कुणाचं निघालं तर कळवते." चिठ्ठी त्यांनी टेबलाच्या काचेखाली नीट सरकवली.

हैबतरावांच्या गणपतीच्या कारखान्यात त्याला कुणाला विचारावंही लागलं नाही. हैबतरावांनी बसल्या जागेवरूनच आवाज दिला, "कुणी अवीव हाय का रे?" मातीने भरलेली चाळीस डोकी वर आली. "नाय!" सखा रंगारी तेवढा सोंडेवर ब्रश धरून थांबला. "परत बोल तर, चार."

रोहा गाडीत त्याने डबेच्या डबे विचारून काढले. कासूच्या तिकीटबाबूने तर 'वी' पहिली की दुसरी, तेही विचारून घेतलं. वडखळच्या नाक्यावर मासळीवालीने हसून पाटी खाली ठेवली. "नाय रं बाबा. पर चांगलं हाय. माझ्या सुनेला सांगते, तिलापण मजा वाटंल."

पाच महिने झाले. नाव ऐकलेला माणूस एकही सापडला नाही. गणेश रोज थोडा थोडा निश्चिंत होत गेला.

मार्चमध्ये मुलगा झाला. बायजाबाईंनी 'बघ, बोलले नव्हते?' हे वाक्य बारा दिवस पुरवून वापरलं. बारशाला आत्या रोह्याहून आली, पाळण्यात वाकली, कुर्रर्र केलं आणि बाळाच्या कानात नाव सांगितलं. बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घातले. शेजारणींनी नाव पुन्हा पुन्हा विचारून घेतलं. एकीनेही नाक मुरडलं नाही, हे आमच्या आळीत नवलच.

पुढच्या आठवड्यात इस्रायलहून बेंजामिनकाकांचं पत्र आलं. 'गणू, बारसं झालं असेल. आता बोललास तरी चालेल.'

अवीव चालायला लागला, बोलायला लागला, बापाच्या सायकलवर पुढे बसून बाजारात जायला लागला. दुकानादुकानातून हाक यायची, "काय चार, बरं हाय ना?" बाप हात वर करायचा. पोराला त्या हाकेचा फार हेवा वाटायचा.

"बाबा, माझा नंबर किती?"

"तुला नंबर नाय."

"का?"

"तुझ्यासारखा तूच. तुला कधी नंबर लागायचा नाय, बघ."

अवीवने खालचा ओठ बाहेर काढला आणि रडून बाजार गोळा केला. गणेशने त्याला खाऊ घेऊन दिला. पण बापाची छाती त्या दिवशी दोन बोटं पुढेच होती.

अठ्ठ्याण्णवच्या जूनमध्ये अवीव शाळेत गेला. गुणाजी गुरुजींची ती शेवटचीच पहिली, पुढल्या वर्षी ते निवृत्त व्हायचे. गणेशने शिफ्ट बदलून घेतली. शाळा सुटायच्या तासभर आधीच तो फाटकाशी उभा राहिला.

घंटा झाली. सगळ्यांच्या पुढे अवीव धावत आला. दप्तर पाठीवर उडत होतं, चेहरा दिवाळीसारखा उजळला होता आणि उजव्या हाताची बोटं उंच वर होती. अंगठा तेवढा मुडपलेला.

"बाबा, बाबा! मीपण चार!"