बॅक उगो सार्तेल्ली

“काका, हा माणूस गूगलवरसुद्धा नाहीये,” शुभ्रा म्हणाली. “यंदा तरी सोडा ना त्याला. खलास. लोकांना बॉलिवूड राउंड हवाय.”

प्रकाशरावांनी हातातली चिठ्ठी तिच्यापुढे धरलीच. “एकच प्रश्न विचार. शेवटचा. पुढच्या वर्षीपासून त्याचं नावसुद्धा काढणार नाही मी.”

शुभ्रा दुबईतच लहानाची मोठी झालेली. तिथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी फराळातली प्रश्नमंजूषा यंदा पहिल्यांदाच तिच्या हाती आली होती. बर दुबईतल्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये निम्मी मंडळी चकल्या खात बसली होती. दुबई सोडून गेलेली उरलेली निम्मी आपापल्या देशातून फोनवर हजर होती. उत्तर फोनवर टाइप करायचं, की ते समोरच्या पडद्यावर नावासकट उमटायचं. कुणी खरं नाव टाकायचं, कुणी टोपणनाव.

आधी हे सगळं प्रकाशराव घ्यायचे. शेवटचा प्रश्न ठरलेला असायचा. इटलीचा एक जुना फुटबॉलपटू, मागे राहून गोल वाचवणारा बॅक, उगो सार्तेल्ली. शंभर वर्षांपूर्वीचा. सकाळी जेनोवाच्या बंदरात पोती उचलायचा आणि संध्याकाळी खेळायचा. इटलीचा संघ पांढरे शर्ट घालायचा त्या दिवसांत तो देशाकडून खेळला. बाकीचे गोल मारायला पुढे पळायचे, उगो मागे थांबायचा. प्रश्न दरवर्षी नवा, माणूस मात्र तोच. उत्तर कुणालाही यायचं नाही आणि प्रकाशराव ते सांगायचेही नाहीत. “काय म्हणतात तुमचे इटालियन मेहुणे?” असं लोक त्यांना चिडवायचे. एवढा नाकासमोर चालणारा इंजिनिअर, असेल एखादं वेड, म्हणून सोडून द्यायचे.

पण उगोच्या या गोष्टी आणखी एका माणसाला पाठ होत्या. प्रकाशरावांच्या मुलाला, वेदांगला.

वेदांगही बॅकच खेळायचा. बारावीत असताना अबू धाबीच्या एका क्लबने त्याला निवड चाचणीला बोलावलं. तो फोन प्रकाशरावांनी घेतला आणि परस्पर नाही म्हणून टाकलं. फुटबॉलने का कुणाचं पोट भरतं? मुलाला त्यांनी सांगितलंसुद्धा नाही. वेदांगला ते पुढे कोचकडून कळलं. तो भांडला असता तर बरं झालं असतं. तो शिकायला कॅनडाला गेला आणि वडिलांशी बोलायचाच थांबला. आई, म्हणजे कुंदाताई, होती तोवर तिला फोन करायचा. कुंदाताई गेल्या तेव्हा आला, जेबेल अलीच्या स्मशानात सगळं नीट केलं, आणि वडिलांशी एक शब्द न बोलता परत गेला.

डिस्कव्हरी गार्डन्समधल्या घरात आता प्रकाशराव एकटेच. चहा एक कप होतो, तोही अर्धा राहतो. वेदांगला पाठवलेल्या मेसेजवर निळ्या खुणा येतात, उत्तर येत नाही. ‘माझी चूक झाली’ असंही लिहून पाहिलं. त्यालाही निळ्या खुणाच. पण मंडळाच्या ग्रुपमध्ये कुंदाताईंनी घातलेला वेदांगचा नंबर अजून तसाच होता. कार्यक्रमाची लिंक त्यालाही जायची. म्हणून दर दिवाळीला हा बाप भरल्या हॉलसमोर आपल्या मुलाला हाक मारायचा, आणि हॉलला वाटायचं, काकांचा फुटबॉल सुरू झाला.

शुभ्राने चिठ्ठी घेतली. “ओके काका, लास्ट वन. यल्ला, चला!”

तिने माइकवर वाचलं. “उगो सार्तेल्ली आयुष्यात कधीच हेडर मारायचा नाही. बॉल डोक्यावर आला की बाजूला व्हायचा. का?”

“टक्कल पडलं असेल!” मागच्या रांगेतला एक पोरगा, नीरव, ओरडला. हॉल हसला.

पडद्यावर उत्तरं यायला लागली. मान दुखत असेल. चष्मा असेल. डॉक्टरने मनाई केली असेल. प्रकाशराव उत्तरं वाचतच नव्हते, नुसती नावं बघत होते. दोहाचं कुणी, मेलबर्नचं कुणी. वेदांग नव्हता. शुभ्राने वेळ संपत आल्याचं सांगितलं. माणसं खुर्च्या सरकवू लागली. प्रकाशरावांनी चष्मा काढून खिशात ठेवला. चष्म्याशिवाय त्यांना पडदा दिसायचा नाही, आणि आता बघायचंही नव्हतं. फार एकटं वाटलं त्यांना, घरी वाटायचं त्याहून जास्त.

“ओ माय गॉड, हे बघा!” शुभ्राला हसू आवरेना. “कुणीतरी लिहिलंय, बिकॉज हिज आई हॅड ऑइल्ड हिज हेअर. बॉल तेलकट झाला तर गोलकीपरच्या हातून निसटेल!”

हॉलमध्ये एकच हशा पिकला. इटलीचा बॅक, आणि डोक्याला खोबरेल तेल! कुणी शिट्टी मारली.

“नाव काय टाकलंय?” प्रकाशरावांनी विचारलं. त्यांचा हात चष्म्यासाठी खिसा चाचपत होता आणि चष्मा काही हाताला लागत नव्हता.

“नाव नाहीये. नुसतं ‘लेफ्ट बॅक’. कसलं फनी आहे ना?”

प्रकाशराव खुर्चीची पाठ धरून उभे राहिले.

“उत्तर बरोबर आहे,” ते म्हणाले.

हशा थांबला. शुभ्राने माइक खाली घेतला. “काय काका! असं कुठे लिहिलंय तरी? मी सगळं शोधलं. इटलीच्या एकाही जुन्या टीममध्ये हा माणूसच नाहीये.”

“कसा असेल, बाळा?” प्रकाशराव म्हणाले. “तो फक्त आमच्या घरी खेळायचा. लहानपणी वेदांगला झोप येत नसली की.”