घोटभर शिल्लक

तत्त्वज्ञान शिकवणारे सर प्रत्येक प्रवासाहून व्हिस्की आणायचे आणि संपली की रिकामी बाटली मिरजेच्या तंबोरे बनवणाऱ्या इमामचाचांना पॉलिश भरायला द्यायचे. तंबोरा जुळवून घेता घेता ‘देव नाही’ हा वादही घालून यायचे. सर गेल्यावर त्यांची लेक चारुलता भोपळा तडकलेला तंबोरा घेऊन एकटीच चाचांच्या दुकानात आली. सोबतच्या बाटलीत घोटभर व्हिस्की उरली होती.

"ओतून टाका, चाचा," ती ओशाळून म्हणाली. चाचांनी उभ्या जन्मात दारूला हात लावला नव्हता.

पंधरवड्यानं तिनं दुरुस्त तंबोरा जवळ घेऊन छेडला, आणि भोपळ्यातून बाबांच्या रविवारच्या मैफलीचा वास आला.

"चाचा, बाटली न धुताच पॉलिश भरलंत वाटतं?"

"पॉलिश भायेरनं असतंय, ताई. वास आतनं येतोय." चाचा तारांवरून फडकं फिरवत राहिले. "सरांचा शेवटचा घोट गटारात ओतवंना. भोपळा बंद करायच्या आदी मीच आत शिंपडला. मग हात-तोंड धुऊन वजू केला, नमाज पढलो आन् अल्लाला सांगितलं, आमचं सर तिकडं आल्यात, वाद घालतील, मनावर घिऊ नगं."