जन्मगाव तेर

महारुद्र पाटलानं कागद वाचला, त्याची घडी केली आणि समोर बसलेल्या दस्तगीर शिंप्याच्या मांडीवर टाकला.

"सही मिळणार न्हाय."

"अण्णा, एका सहीचं तर काम हाय. बाई तेरमधी जन्मली, एवढंच लिवायचं. मग पाकिस्तानातून हिकडं यायचं परमिट मिळंल. पोरीला घिऊन येईल ती."

"तेरमधी जैनब नावाची पोर कवा जन्मली रं?"

दस्तगीर त्याच्या तोंडाकडे बघत राहिला. "तुम्हीच न्हाय म्हणालात, तर व्हय कोण म्हणंल?"

"ऊठ," पाटील म्हणाला. "मी जिता हाय तवर ती बाई ह्या गावात पाऊल ठेवणार न्हाय."

दस्तगीर तेरचाच. पोलीस अ‍ॅक्शनच्या धामधुमीत तो गाव सोडून हैदराबादला गेला. तिथंच त्याचं लग्न झालं. पुढं कसल्याशा संशयावरून पोलिसांनी त्याला आत टाकलं. निर्दोष सुटून आला, तर घर रिकामं. थोरल्या भावानं जीव वाचवायचा म्हणून सगळा कबिला कराचीला हलवला होता आणि दस्तगीरची पोटुशी बायकोही सोबत नेली होती. मुलगी तिकडंच झाली. बापानं तिचं तोंडही पाहिलं नव्हतं.

दस्तगीर एकटाच गावी परतला आणि मशीन मांडून बसला. त्याची बायको लग्नानंतर तेरला कधी आलीच नव्हती. त्यामुळं तिचं कुणाला सोयरसुतक नव्हतं.

पाटील नुसती सही नाकारून थांबला असता, तर एका शिंप्याचा अर्ज धूळ खात पडला असता, एवढंच. पण पाटलाला निवडणुकीचं तिकीट हवं होतं. त्यानं कळंबच्या बाजारात सभा लावली. "कराचीच्या बायका तेरच्या लेकी म्हणून आणत्यात! कचेरीत खोटी जन्मगावं इकत्यात!" टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला. सोलापूरच्या एका वर्तमानपत्रानं त्याला 'परमिट-कांड' असं नाव दिलं. मुंबईला विधानसभेत प्रश्न आला. अर्ज पुढं पाठवणारा कारकून भीमाशंकर निलंबित झाला. बिचाऱ्यानं दस्तगीरचा साधा चहाही घेतला नव्हता.

संताप येतो तो याचाच. जो तो देशाच्या नावानं घसा कोरडा करत होता. एका माणसाला आपली बायको आणि पोर हवी आहे, ही साधी गोष्ट मात्र एकाच्याही तोंडातून निघत नव्हती. कालपर्यंत दस्तगीरकडं उधारीवर सदरे शिवून नेणारे आता रस्ता बदलून जायला लागले.

आणि पाटलाला तोंडावर बोलणार कोण? त्याच्या घरानं किंमत मोजली होती. अठ्ठेचाळीस साली रझाकारांच्या हाती लागू नये म्हणून त्याच्या धाकट्या बहिणीनं, शामलानं, तेरणेच्या पुरात उडी घेतली, हे गावात पोरासोरांच्याही तोंडी होतं. नदीकाठी तिच्या नावाची शिळा होती. गावात तिच्या नावाची मुलींची शाळा होती, शाळेला सरकारी अनुदान होतं. पाटलाची प्रत्येक सभा शामलाच्या नावानं सुरू व्हायची, आणि बायका डोळ्यांना पदर लावायच्या.

तिची आई नागूबाई तेवढी कधी रडली नाही. दरवर्षी पुण्यतिथीला पाटील सांगेल तशी ती दिव्याचं ताट घेऊन यायची, मान खाली घालून बसायची आणि मुकाट्यानं घरी जायची. दुःखानं म्हातारीचे डोळे आटले, असं गाव म्हणे.

यंदा पुण्यतिथीच्या आदल्या दिवशी ती चोळी टाकायला दस्तगीरच्या दुकानात आली. तिच्या चोळ्या कायम तोच शिवायचा.

"लई बोंब चाललीय तुझ्या नावानं," ती म्हणाली.

"चालायचंच, आई."

"बोलत का न्हाईस तू?"

"माझ्या शब्दाला काय किंमत? मी बोललो तर घर पेटवतील."

नागूबाई मशीनच्या चाकाकडं बघत होती. "पोरगी केवढी झाली?"

"बारा वर्षांची. आईवर गेलीय म्हणत्यात."

तिनं पिशवीतून दोन खण काढून ठेवले. "एक माझ्या मापाची. दुसरी बारकी शीव."

दुसरी कुणासाठी, हे दस्तगीरनं विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी नदीकाठी अख्खं गाव लोटलं. परमिटच्या चौकशीला आलेल्या तहसीलदारांना पाटलानं तिथंच आणलं होतं. बंद खोलीत कशाला, गावालाच इचारा, असा त्याचा आग्रह. सगळ्यांसमक्ष शिंप्याचं नाक कापायचं आणि तिकीट पक्कं करायचं, हा हिशेब होता.

तहसीलदारांनी कागद वाचला. "जैनब, नवरा दस्तगीर, जन्मगाव तेर. या बाईला जन्मापासून ओळखणारं इथं कुणी आहे का?"

सरपंच सिद्रामप्पानं नकारार्थी मान हलवली. त्याचं बघून सगळ्या माना हलल्या. दस्तगीर कडेला खाली बघत उभा होता.

पाटलाला चेव चढला. शिळेवर हात आपटून तो गरजला, "बघा सायेब! नदीत जीव देणाऱ्या माझ्या भनीसमोर सांगतो, ही बाई निव्वळ बनावट हाय! हिला जन्म देणारी आई तेरमधी असंल, तर तिनं आत्ता हितं उभं ऱ्हावं!"

गर्दीत कुणी हसलं. मग पुढच्या रांगेत हालचाल झाली. दिव्याचं ताट हातात धरून नागूबाई उठली होती.

"आजी, तुम्ही बसा," तहसीलदार मऊपणानं म्हणाले. "तुम्हांला नाही विचारलं."

ती बसली नाही. लेकाकडं न बघता ती शिळेपाशी आली आणि तिनं ताट खाली ठेवलं.

"जैनब हे लग्नातलं नाव हाय, सायेब," ती म्हणाली. "जन्माचं नाव म्या ठेवलं व्हतं. ते ह्या दगडावर हाय, लिवून घ्या."