मेजावरचं कापड

प्रभुभोजनाच्या मेजावरचं पांढरं कापड थोरली जाऊ दर आठवड्याला गुपचूप घरी न्यायची. द्राक्षरसाचे डाग काढून, खळ घालून, कडक इस्त्री करून ते परत चर्चच्या कपाटात ठेवून द्यायची. सेवा करावी ती कुणाला कळू न देता, असं तिला मनापासून वाटायचं.

चर्चमधल्या बायकांनी मात्र सगळं श्रेय धाकट्या जावेला देऊन टाकलं.

“अहो, खरंच मी नाही,” धाकटी म्हणाली.

“बघा, कबूलसुद्धा करत नाही. किती तो नम्रपणा,” पाळकांच्या पत्नी सगळ्यांसमोर म्हणाल्या.

थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. राबायचं आपण आणि मिरवायचं हिनं? त्या आठवड्यात तिनं डागाळलेलं कापड तसंच कपाटात राहू दिलं. होऊ दे एकदा फजिती.

रविवारी ती मुद्दाम पहिल्या रांगेत जाऊन बसली. मेजावरचं कापड पांढरंशुभ्र होतं.

 

धाकटी तिच्या शेजारी टेकली आणि हळूच म्हणाली, “ताई, बरं नव्हतं का तुम्हाला? या खेपेला मी धुतलं. काळजी करू नका, तुमचं गुपित मी अजून कुणाला कळू दिलेलं नाही.”