रोजची चावी

नागपूरचे वामनराव लढाईतल्या वैमानिकांची मनगटी घड्याळं जमवत. १९५४ साली ते मुलचेऱ्याच्या जंगलात सुकरीच्या झोपडीपर्यंत पोचले. तिच्याकडचं घड्याळ अगदी नव्यासारखं होतं आणि चालूही होतं.

"एवढं कसं जपलंत, बाई?"

"लढाईत इथी इमान पडलं, तवा त्या पोरानं मरताना माह्या हाती देल्लं. म्हणे, माझे बाबा येतील न्यायले. म्हून रोज चावी देते." सुकरीनं त्यांच्याकडे निरखून पाहिलं. "तुमीच काय त्याचे बाबा?"

वामनरावांनी घड्याळ उलटं केलं. याही घड्याळावर त्यांच्या मुलाचं नाव कोरलेलं नव्हतं.

"हो," ते म्हणाले. "जाताना एकटाच होता का तो?"

"नाई, भाऊ. डोस्कं माह्या मांडीवर होतं त्याचं."