कोपराखाली चार बोटं

आर्किटेक्टच्या कागदावर उंची छत्तीस इंच लिहिली होती. मी कागद घडी घालून खिशात ठेवला. स्वयंपाकघराच्या मधोमध फणसाच्या अखंड लाकडाचा ओटा करायचा, तर पोळ्या लाटणाऱ्या बाईच्या कोपराखाली चार बोटं, एवढंच माप मी मानतो. चाळीस वर्षं रंधा मारतोय, कागदाला कधी पोळ्या लाटताना पाहिलं नाही.

सूनबाई चांगल्या उंच. त्यांचं माप सदतीस भरलं. “आता आजी, तुमचं,” मी त्यांच्या सासूबाईंना म्हणालो.

“माझं कशाला? मी चार दिवसांची पाहुणी.”

मी हट्ट केला नाही. आजींनी चहा आणून दिला तेव्हा त्यांचं कोपर माझ्या शर्टाच्या खालून दुसऱ्या बटणाशी आलं, तेवढं लक्षात ठेवलं. निघताना सूनबाई दारात हळूच म्हणाल्या, “गावचं घर बंद करून आल्या त्याला आठ महिने झाले. बॅग अजून भरलेलीच आहे, दिवाणाखाली.”

महिन्याभराने ओटा बसवला. एका टोकाला तो पायरीसारखा पाच इंच खाली उतरत होता. आजींनी तिथे दोन्ही तळवे टेकले आणि कणीक मळावी तसं दाबून पाहिलं. खांदे वर चढले नाहीत. मग त्या आत गेल्या. दिवाणाखालून बॅग ओढल्याचा आवाज आला. सूनबाईंच्या हातातलं फडकं थांबलं.

आजी परत आल्या. जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं आपलं पोळपाट-लाटणं त्यांनी ओट्यावर ठेवलं.